नंतर बघू

टीव्हीवर लागलेला कार्यक्रम घरच्या घरी टेप करून ठेवणारा माणूस चोर की नुसताच आळशी, एवढं ठरवायला अमेरिकेला सात वर्षं आणि तीन न्यायालयं लागली. निकाल आळशाच्या बाजूने लागला, पण काठावर. पाच विरुद्ध चार. सर्वोच्च न्यायालयातल्या एखाद्या न्यायमूर्तींचा त्या दिवशी विचार फिरला असता, तर रात्रीची मालिका सकाळच्या कॉफीबरोबर बघणारी लाखो अमेरिकन कुटुंबं कागदोपत्री चोरांची टोळी ठरली असती.

सगळं सुरू झालं एका जाहिरातीवरून. सोनी कंपनीने १९७५ साली बेटामॅक्स नावाचं यंत्र काढलं. अमेरिकेत विकायला आलेलं पहिलं यंत्र टीव्हीसकट एकाच कपाटात बसवलेलं होतं आणि किंमत दोन हजार डॉलरच्या वर. म्हणजे चोऱ्या करायच्या असतील तर आधी घर गहाण टाकावं लागणार. पुढच्या वर्षी सुटं, त्या मानाने स्वस्त यंत्र आलं आणि त्याच्याबरोबर जाहिरात आली: तुम्ही कोलंबो बघत बसलात म्हणून कोजॅक चुकायचं कारण नाही, आणि कोजॅक बघत बसलात तर कोलंबोही नाही. कोलंबो हा चुरगळलेल्या रेनकोटातला डिटेक्टिव्ह. निघालो निघालो म्हणत दारातून परत वळणार आणि एक शेवटचा प्रश्न विचारून खुन्याला घाम फोडणार. कोजॅकचं डोकं तुळतुळीत आणि तोंडात लॉलीपॉप. दोघं दोन वेगळ्या वाहिन्यांवर, पण दोन्ही मालिका एकाच युनिव्हर्सल स्टुडिओच्या.

आता सरळ व्यवहार बघा. दोन्ही दुकानं आपलीच आणि गिऱ्हाईक आता एका फेरीत दोन्हीकडे जाणार, असं कळल्यावर मालकाने पेढे वाटायला हवेत. युनिव्हर्सलचे अध्यक्ष सिडनी शाइनबर्ग यांनी वकील बोलावले.

कागदावर मुद्दा कॉपीराइटचा होता. माझं मत विचाराल तर दुखणं निराळंच होतं. सोमवारी रात्री नऊला म्हणजे सोमवारी रात्री नऊला, ही शिस्त मोडत होती. बघायचं काय हे प्रेक्षकाने ठरवावं, त्याला ना नाही. पण कधी बघायचं हेही तोच ठरवायला लागला तर स्टुडिओने करायचं काय? शिवाय युनिव्हर्सलच्या घरातून एक व्हिडिओ तबकडी बाजारात यायच्या बेतात होती. तिच्यावर फक्त बघता येई, भरता काही येत नसे. या तबकडीच्या धंद्याची बोलणी करायला सोनीचे अकिओ मोरिता न्यूयॉर्कमध्ये भेटले, आणि त्याच भेटीत जेवणाच्या टेबलावर त्यांना सांगण्यात आलं की आम्ही तुमच्यावर खटला भरतोय. पुढे मोरितांनी स्वीट डिश घेतली की नाही, इतिहास गप्प आहे.

नोव्हेंबर १९७६ मध्ये दावा दाखल झाला. जोडीला डिस्ने. डिस्नेचा हिशेब जुना आणि पक्का होता: एक कार्टूनपट ठरावीक वर्षांनी पुन्हा थिएटरात लावायचा, तोवर पोरांची नवी पिढी तयार झालेली असते. घराघरात टेप राहिली तर नव्या पिढीला तिकीट कोण काढून देणार?

कुणाकुणावर दावा भरला ती यादी वाचण्यासारखी आहे. सोनी, यंत्रं विकणारी दुकानं, जाहिरात करणारी संस्था, आणि शेवटी एक साधा गृहस्थ. घरी टेप करणं हाच मूळ अपराध, तेव्हा निदान एक तरी अपराधी न्यायालयापुढे नको का? पण खऱ्याखुऱ्या गिऱ्हाइकाला कोर्टात खेचलं की बोभाटा होणार. म्हणून वादींच्या वकिलांनी आपल्याच एका अशिलाला गळ घातली. त्याने राजीखुशीने प्रतिवादी व्हायचं कबूल केलं आणि त्याच्याकडून दमडीही मागायची नाही असं ठरलं. ठरलेले पंच आपल्याकडे होतेच; ठरलेला आरोपी हा अमेरिकेचा शोध.

हा गृहस्थ मला फार आवडतो. त्याच्याकडे शंभराच्या आसपास टेपा होत्या. यंत्र घेताना त्याच्या मनात होतं की आपण टेपांचं छान ग्रंथालय करू. मग कोऱ्या टेपांचे भाव बघितले आणि जुन्या पुसून त्यांच्यावरच नवं भरायला लागला. हॉलिवूडने ज्याच्या नावाने शंख केला तो दरोडेखोर हा असा, काटकसरी.

लॉस एंजेलिसच्या न्यायालयात १९७९ साली पाच आठवडे सुनावणी चालली. दोन्ही बाजूंनी यंत्रवाल्या लोकांच्या पाहण्या करून आणल्या होत्या आणि दोन्हींतून एकच गोष्ट निघत होती. लोक चुकणारा कार्यक्रम टेप करतात, सवडीने एकदा बघतात, पुसतात आणि पुन्हा तेच. सोनीच्या पाहणीत ८३.२ टक्के लोक म्हणाले की यंत्र घेतल्याने आमच्या थिएटरात जाऊन सिनेमे बघण्यात काहीही फरक पडलेला नाही. एवढे डॉलर मोजून काही फरक पडला नाही हे छाती ठोकून सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचं खरं तर सोनीलाच वाईट वाटायला हवं होतं. पण तोच त्यांचा बचावाचा पुरावा ठरला.

सगळ्यांत रंगली ती जाहिरातींची चर्चा. लोक जाहिराती गाळतात, मग जाहिरातदार पैसे का देतील, हा स्टुडिओंचा आवडता मुद्दा. आकडे असे निघाले की ९२ टक्के कार्यक्रम जाहिरातींसकट टेप होतात आणि त्या पळवून पुढे जाणारे फक्त २५ टक्के. कारण साधं आहे. टेप करतानाच जाहिरात गाळायची तर पॉझच्या बटणावर बोट ठेवून टीव्हीसमोर बसावं लागतं. जाहिरात सुरू झाली, दाब. संपली का? अजून नाही. हा साबण गेला, आता मोटार आली, मोटारीनंतर कुत्र्याचं खाणं, आता सोड. म्हणजे ज्याला जाहिरात टाळायची तोच ती सगळ्या देशात अधिक मन लावून बघतोय. आणि एवढं करायला घरी बसायचंच असेल तर कार्यक्रमच का नाही बघायचा? नंतर बघताना पळवावी म्हटलं तर नेमकं कुठे थांबायचं ते कळत नाही. थांबतो तेव्हा खुनी पकडलेला असतो. न्यायाधीश वॉरन फर्ग्युसन यांनी हा सगळा उपद्व्याप बहुतेकांना कंटाळवाणा वाटेल असंच मत नोंदवलं. माणसाच्या आळसावर एवढा विश्वास टाकणारं न्यायालय विरळाच. नुकसान किती झालं या प्रश्नावर तर वादींनाच मान्य करावं लागलं की अजून काही झालेलं नाही, पुढे होईल अशी धास्ती आहे.

साक्ष द्यायला फ्रेड रॉजर्स आले होते. लहान मुलांचा शांत, मऊ आवाजातला कार्यक्रम करणारे, स्वेटर घालणारे रॉजर्स. ते म्हणाले, माझा कार्यक्रम टेप करून आईबापांनी मुलांबरोबर सोयीने बघितला तर मला आनंदच आहे. ज्याचा माल चोरीला जातोय तोच ‘घ्या हो, घेऊन जा’ म्हणतोय म्हटल्यावर वादीच्या वकिलांनी काय करावं? पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातही रॉजर्सच्या साक्षीला जागा मिळाली.

फर्ग्युसन यांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. १९८१ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला आणि देशभरातले यंत्रवाले एका सकाळी कॉपीराइटभंग करणारे ठरले. मग प्रकरण संसदेच्या समितीपुढेही पोचलं. एप्रिल १९८२ मध्ये तिथे निर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी साक्षीला आले. एके काळी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचे सहायक. बोलायला लागले की नुसती फोडणी तडतडायची. बॉस्टन शहरात साठच्या दशकात एकट्यादुकट्या बायकांचे गळे आवळणारा एक खुनी गाजला होता. व्हॅलेंटींनी सांगितलं की घरात एकट्या असलेल्या बाईला तो खुनी जसा, तसा अमेरिकन निर्मात्याला आणि जनतेला हा व्हीसीआर. निर्मात्याचं समजू शकतो. पण जनता? जनता तर त्याच खुन्याला हप्त्याहप्त्याने पैसे भरून घरी घेऊन येत होती आणि त्याच्यावर विणलेला रुमाल घालत होती.

सर्वोच्च न्यायालयाने एकदा युक्तिवाद ऐकले, मग पुन्हा ऐकले. आतली हकीगत पुढे न्यायमूर्तींची कागदपत्रं खुली झाल्यावर कळली: आधी बहुमत न्यायमूर्ती ब्लॅकमन यांच्या बाजूने, म्हणजे स्टुडिओंच्या बाजूने झुकलेलं होतं आणि न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी ते हळूहळू आपल्याकडे वळवलं. १७ जानेवारी १९८४ ला निकाल आला. नंतर बघण्यासाठी टेप करणं ही चोरी नव्हे.

आता यातली मेख बघा. खटला जिंकला सोनीने आणि बाजार मारला दुसऱ्यानेच. बेटामॅक्सची टेप सुरुवातीला तासाची होती. सिनेमा दोन तासांचा. जेव्हीसी कंपनीच्या व्हीएचएसमध्ये तो अख्खा मावायचा. चित्र बेटामॅक्सचं सरस, असं तिचे भक्त आजही सांगतात, पण अर्ध्यात संपणारं सरस चित्र घेऊन काय करायचं? आणि स्टुडिओ? ज्या यंत्राने गळा आवळला जाणार होता त्यानेच त्यांचं पोट भरलं. १९८०चं दशक संपायच्या आत अमेरिकेत कॅसेटींची उलाढाल तिकीटबारीच्या पुढे गेली. युनिव्हर्सलने आपला ‘ई.टी.’ १९८८ मध्ये कॅसेटवर आणला आणि त्याच्या कोटीच्या वर प्रती खपवल्या. डिस्नेची कार्टूनं तर पोरं टेप झिजेस्तोवर बघायची, मग बापाला दुसरी आणावी लागायची.

पुढचा भाग लिहिला असता तर संपादकाने ‘योगायोग फार झाले’ म्हणून परत पाठवला असता. १९८९ मध्ये सोनीने कोलंबिया हा स्टुडिओच विकत घेतला आणि व्हॅलेंटींच्या संघटनेच्या पंगतीत जाऊन बसली. १९९० मध्ये जेव्हीसीची पालक कंपनी मात्सुशिता हिने थेट युनिव्हर्सल विकत घेतला. शाइनबर्ग यांच्या खुर्चीचे मालक आता व्हीसीआरवाले.

आपल्याकडे हा खटला उभाच राहिला नसता. कोलंबो बघताना कोजॅक चुकायला आधी दोन वाहिन्या लागतात. आपलं एक दूरदर्शन. ते बघायचं किंवा बंद करायचं. १९८७ मध्ये रविवारी सकाळी साडेनऊला ‘रामायण’ लागायचं तेव्हा ते टेप करून दुपारी बघू असं घरात कुणी म्हटलं असतं, तर त्याला वनवासात धाडलं असतं.

शिवाय आपले निर्माते खऱ्या दरोडेखोरांतूनच मोकळे होत नव्हते. १९८२च्या एशियाडने रंगीत टीव्ही आणला, त्याच्या मागोमाग व्हीसीआर आले आणि त्यांच्या मागोमाग व्हिडिओ पार्लर. कॅसेटवाल्याकडून रात्रभरासाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन सिनेमे भाड्याने आणायचे, वर्गणी चाळीतल्या बिऱ्हाडांकडून काढायची, आणि तिसरा सिनेमा सुरू असताना अर्धी चाळ एकमेकांच्या खांद्यावर घोरत असायची. अमेरिकन न्यायालयाने घरगुती प्रेक्षकाला सोडून दिलं त्याच १९८४ साली आपल्या संसदेने कॉपीराइट कायदा दुरुस्त करून व्हिडिओचाच्यांना निदान सहा महिने कैदेची तरतूद केली. त्या धामधुमीत शनिवारचा मराठी सिनेमा टेप करणाऱ्या मास्तरांकडे कोण बघतो?

टेप करणारे होतेही थोडकेच, कारण पुष्कळांकडे होता तो व्हीसीपी, जो नुसता दाखवतो, भरत नाही. ज्यांच्याकडे खरा व्हीसीआर होता त्यांची एखादी कॅसेट हातात घेऊन बघा. पाठीवर लेबल. त्यावर निळ्या शाईत ‘शनिवारचा सिनेमा’, त्यावर काट. खाली ‘शारजा’, त्यावर जरा रागानेच मारलेली काट. मियाँदादचा षटकार जपून ठेवणारा मराठी माणूस माझ्या पाहण्यात नाही. त्याखाली लाल शाईत ‘बाळूची मुंज’, दोनदा अधोरेखित, शेजारी ‘पुसू नये’. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक बारीक टिकली असते. ती मोडली की यंत्र त्या टेपवर काही भरायला नकार देतं. इथे ती मोडलेली आहे. आणि मोडल्याजागी चिकटपट्टी लावलेली आहे. चिकटपट्टी लावली की यंत्र पुन्हा भरतं, हे घरातल्या धाकट्या पोराला सगळ्यांत आधी कळलेलं असतं. म्हणून बाळू भिक्षावळीला झोळी पुढे करतो, मावशी लाडू टाकायला वाकते, आणि एकदम ‘आमची माती आमची माणसं’ सुरू होऊन कपाशीवरच्या बोंडअळीचा बंदोबस्त सांगितला जातो. हॉलिवूडला ज्या कुलपाची स्वप्नं पडत होती ते आपल्याकडे सेलोटेपने उघडायचं.

व्हॅलेंटींना हे कुणीतरी सांगायला हवं होतं. टेप करणाऱ्या माणसाला वस्तू मिळाल्याचं समाधान पुरतं. ‘टेप केलंय, नंतर बघू’ हे वाक्य म्हणजे त्या कार्यक्रमाची उत्तरक्रिया असते. टायमर लावून टेप केलेल्यांत तर हमखास शेवटची दहा मिनिटं नसत, कारण दूरदर्शन उशिरा सुरू होई आणि यंत्र वेळेवर थांबे. मधली ‘व्यत्यय’ची पाटी मात्र सगळीच्या सगळी उतरलेली असे.

खटला हरल्यावर स्टुडिओ शहाणे झाले असतील असं वाटतं का? अमेरिकेत जाहिराती आपोआप गाळणारी रेकॉर्डिंग यंत्रं आल्यावर २००२ मध्ये टर्नर ब्रॉडकास्टिंगचे प्रमुख जेमी केलनर यांनी जाहिरात टाळणं ही चोरीच असल्याचं सांगितलं. मग जाहिरातीत कुणी बाथरूमला उठला तर? तेवढी थोडी सूट द्यायला हरकत नाही, असं ते म्हणाले. मधुमेही प्रेक्षकांनी सुटकेचा निःश्वास सोडला असेल. २००३ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने आदेशच काढला की डिजिटल प्रक्षेपणात एक खूण पाठवली जाईल आणि ती दिसली की प्रत्येक टीव्हीने, प्रत्येक रेकॉर्डरने नकला काढण्यावर बंधन पाळायचं. ग्रंथपालांच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं. सुनावणीत एका न्यायमूर्तींनी आयोगाला विचारलं, आता पुढची पाळी वॉशिंग मशीनची का? मे २००५ मध्ये, अंमल सुरू व्हायच्या दोन महिने आधी, आदेश रद्द झाला.

तरीही शेवटी त्यांचंच खरं झालं, आणि तेही न्यायालयात न जाता. माणसावर दावा लावण्यापेक्षा यंत्रालाच पहारेकरी नेमावं, ही अक्कल त्यांना आली. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी सेट-टॉप बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून दोन वर्षांत पुष्कळ नाटकं टेप केली. पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला तर लॅपटॉप म्हणतो, हा फॉरमॅट करू का? बॉक्स बदलला तर नव्या बॉक्सला जुन्या बॉक्सची नाटकं ओळखू येत नाहीत. रिचार्ज संपला की काकांना काकांनीच टेप केलेलं दिसत नाही. त्यांनी कस्टमर केअरला फोन लावून, तिथल्या मुलीला वस्त्रहरणाचा प्रसंग सांगावा तशा आवेशात सगळं सांगितलं. ती म्हणाली, सर, तुमचा बॉक्स एकदा बंद करून चालू करा. फोनवर सिनेमा डाउनलोड केला तरी बघायला सुरुवात केल्यापासून बहुधा ४८ तासांत तो नाहीसा होतो, आणि एखाद्या दृश्याचा स्क्रीनशॉट काढायला जावं तर हाती काळा चौकोन येतो. सोमवारी रात्री नऊची सक्ती परवडली. तिथे निदान पुढचा सोमवार होता.

गंमत अशी, की भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ उघडून बघा. प्रक्षेपणाचं ध्वनिमुद्रण किंवा दृश्यमुद्रण स्वतःच्या खासगी वापरासाठी केलं तर प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. कायदा हो म्हणतो, बॉक्स नाही म्हणतो, आणि दिवाणखान्यात कायद्यापेक्षा बॉक्सचं चालतं.

अमेरिकेत मॅरियन स्टोक्स नावाच्या बाई होऊन गेल्या. त्यांनी १९७९ पासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत फिलाडेल्फियातल्या घरी टीव्हीच्या बातम्या रात्रंदिवस टेप केल्या; सुमारे ७० हजार कॅसेटी. वाहिन्यांनी स्वतः जपून न ठेवलेलं कितीतरी त्यांच्या घरात सापडलं आणि आता त्या कॅसेटी इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे आहेत. तेव्हा तुमच्या माळ्यावर जुन्या व्हीएचएस असतील तर त्या या पावसाळ्याच्या आत खाली काढा. टेपवर बुरशी धरते, आणि व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्येच उत्पादन थांबवलंय. चालू यंत्र असलेला एखादा दुकानदार अजून गावात असेल, त्याच्याकडून सगळं डिजिटल करून घ्या. लेबलवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत लावून बघा. आणि हे मात्र नंतर बघू म्हणू नका.